काळी घोंगडी, नारिंगी लोकर

दिवाळीला भाचा आला तेव्हा त्याच्या बॅगेत चॉकलेटांच्या खाली लांब बाह्यांचे तीन शर्ट घडी करून ठेवलेले होते. तिन्ही नारिंगी, तिन्ही अंगालगत घालायचे. फराळाचं ताट बाजूला सारून त्याने ते माझ्यापुढे पसरले आणि म्हणाला, "मावशी, तुला लोकर कळते. यातला कुठला घालू, तू सांग."

तो अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. बायको तिकडचीच. तिचे वडील दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणाऱ्या नऊ दिवसांच्या हंगामात हरणाच्या शिकारीला जातात. यंदा जावयाला बरोबर न्यायचं त्यांनी ठरवलं होतं.

शिकार म्हटल्यावर मी थोडा वेळ गप्प झाले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे. कोयना आणि चांदोलीचं रान २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. सांबर दिसलं तर श्वास रोखून बघायचं, एवढंच आमच्या पिढीला माहीत. तो म्हणाला, तिकडे परवाना लागतो, किती हरणं मारायची ते ठरलेलं असतं, आणि ते मांस घरात हिवाळाभर पुरतं. मला ते सगळं पटलं असं नाही. पण पोरगं जाणारच असेल तर ते गारठून आजारी पडू नये आणि कुणाच्या गोळीसमोर येऊ नये, एवढं माझ्या हातात होतं. म्हणून मी चष्मा लावला आणि शर्ट हातात घेतले.

लोकरीशी माझा संबंध दोन बाजूंनी. माहेर माण तालुक्यातलं, म्हसवडच्या बाजूचं. तिथं पाऊस कमी आणि मेंढरं जास्त. आणि साताऱ्यात आल्यापासून तीसेक वर्षं मी विणकामाचे वर्ग घेते. हातात लोकर आली की आधी बोटं बोलतात, लेबल मग वाचते.

पण मला पहिला प्रश्न पडला तो वेगळाच. "वरचं जॅकेट नारिंगी असेलच ना? मग आतला शर्ट कशाला नारिंगी हवा? तो दिसणार कुणाला?"

तिथला नियम त्याने सांगितला. बंदुकीच्या हंगामात रानात उतरणाऱ्याच्या कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निदान निम्मा भाग झगझगीत नारिंगी असावाच लागतो. टोपी घातली तर तीही निम्मी. २०१६ पासून झगझगीत गुलाबीही चालतो. झाडीत हललेलं काहीतरी हरीण समजून कुणी चाप ओढू नये म्हणून हे सगळं. पण त्याच्या सासऱ्यांचं म्हणणं असं, की पहाटे अंधारात बंदूक आणि पाठीवरची पिशवी घेऊन चढ चढताना माणसाला घाम फुटतो. मग जॅकेट निघतं आणि पिशवीत जातं. परत येताना तर मारलेलं हरीण ओढत आणायचं असतं. तेव्हा थंडी शून्याच्या खाली असली तरी जॅकेट अंगावर सोसवत नाही. म्हणजे माणूस वाकलेला, अंगात करडा किंवा मातकट शर्ट, आणि मागून तपकिरी कातडं सरपटत येतंय. त्या घटकेला तो दुरून कसा दिसत असेल, याचा विचार करा. माझ्या तर अंगावर काटा आला. आतला शर्ट नारिंगी का हवा, ते मला तेव्हा कळलं.

तिघांना मी नंबर दिले. एक नंबर शुद्ध मेरिनो लोकरीचा, रंग नारिंगी खरा पण विटकरीकडे झुकलेला. दोन नंबरमध्ये मेरिनो जास्त आणि पॉलिस्टर थोडं, रंग चांगलाच झगझगीत. तीन नंबर सगळा पॉलिस्टरचा, रंग इतका लख्ख की जमिनीवर पसरल्यावर भिंतीवर त्याची झाक पडली होती.

लोकर अंगाला टोचते का, हे तळहाताने कळत नाही. तळहात कामाने राठ झालेला असतो. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा गालाला लावून बघायची. टोचण्याचं कारण तंतूच्या जाडीत आहे. तंतू साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड झाला की त्याचं टोक कातडीवर टेकल्यावर वाकत नाही, ते रुततं. मेरिनोचा तंतू १७ ते १९ मायक्रॉनचा, तो मुकाट्याने वाकतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, केसाळ, बहुतेक काळी नाहीतर करडी. ती आतून घालायची नव्हेच. तिची जागा सगळ्या कपड्यांच्या वर, घोंगडीत. धनगराने कातरायची, बायकांनी कातायची, सणगराने मागावर विणायची, आणि सुताला चिंचोक्याची खळ द्यायची. नव्या घोंगडीचा तो कडकपणा आणि खळीचा आंबूस वास ज्याने घेतलाय, त्याला तो जन्मभर आठवतो.

या दोन जातींचं एक दूरचं नातंही आहे, ते मला फार आवडतं. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनोंचा बुरूला नावाचा एक वाण जुळी कोकरं देतो. तो गुण मुळात आपल्या बंगालच्या गरोळ मेंढीतून तिकडे गेलेला. आणि आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने त्याच गरोळचा गुण दख्खनी मेंढीत आणला. म्हणजे तिकडची मेरिनो आणि इकडची माझ्या माहेरची मेंढी, दोघींच्या रक्तात बंगालची एक ठेंगणी मेंढी आहे.

तर परीक्षा. आधी जाळून बघितलं. प्रत्येक शर्टाच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा काढला आणि चिमट्यात धरून गॅसवर नेला. एक नंबरचा धागा आक्रसला, केस जळाल्याचा वास आला, ज्योतीतून बाहेर काढताच विझला, आणि मागे राहिलेली काळी राख बोटांत चुरली. तीन नंबरचा धागा वितळून त्याचा टणक मणी झाला. तो मणी चिमट्याला चिकटला तो सुरीने खरवडावा लागला. "तुम्ही त्या लाकडी खोपटात शेगडीजवळ बसणार ना?" मी विचारलं. तो मण्याकडे बघत राहिला.

दुसरी परीक्षा ओल्याची. ही मी मुद्दाम केली, कारण त्याने बोलता बोलता सांगितलं होतं की आत नेहमीचं सुती बनियन घालून त्यावर हा शर्ट घालणार. आपल्या पुरुषांची ही सवय अगदी हाडात मुरलेली. उन्हाळ्यात सुती बनियनासारखं सुख नाही, हे खरं. पण थंडीत घाम आला की तेच बनियन घात करतं. मी एक नंबरचा शर्ट आणि माझ्या यजमानांचं जुनं सुती बनियन बादलीत भिजवलं, सारखं पिळलं, आणि पहाटे साडेपाचला भाच्याला गच्चीवर उभं केलं. उजव्या हातावर शर्टाची बाही चढवली, डाव्या हातावर बनियन गुंडाळलं. अजिंक्यताऱ्यावरून बोचरं वारं येत होतं. पाचेक मिनिटांत डाव्या हातावरचे केस उभे राहिले. दहाव्या मिनिटाला तो म्हणाला, "मावशी, हे बनियन काढू दे." उजवी बाही ओलीच होती, पण तो हात त्याने तसाच ठेवला.

असं का होतं, तेही सांगते, कारण हे कळलं की माणूस पुन्हा चूक करत नाही. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. ती ओल घेताना तो थोडी ऊबही सोडतो. शिवाय तो मुळातच कुरळा. भिजला तरी चप्प बसत नाही, वेढ्यांमध्ये हवा धरून ठेवतो. सुताचं तसं नाही. ते पाणी पितं, आडवं पडतं आणि कातडीला चिकटतं. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. चढ चढून घामेजलेला माणूस मग दोन-तीन तास झाडाला टेकून निश्चल बसणार असेल, तर त्याच्या अंगालगत ओलं सूत असणं म्हणजे काय, ते डाव्या हाताने त्याला सांगितलं होतं.

तिसरी परीक्षा रंगाची, आणि ती घरात होण्यासारखी नव्हती. भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्ही साताऱ्याच्या टेकडीवरच्या 'चार भिंती' नावाच्या स्मारकाकडे गेलो. गवत वाळून पिवळं पडलेलं, मधूनमधून काळा खडक. विस्कॉन्सिनमधलं पानगळीचं रान असंच पिवळं-तपकिरी असतं म्हणे. मी खाली वाटेवर थांबले. तो दीडेकशे पावलांवर चढून गेला आणि झुडपांवर चारही कपडे ओळीने टाकून आला. तीन शर्ट आणि चौथा माझा हाताने विणलेला लालभडक मफलर. लाल मुद्दाम घेतला होता. तिकडचे जुने शिकारी लाल-काळ्या चौकड्यांचे जाड लोकरी डगले घालायचे. लाल म्हणजे उठून दिसणारा, असं आपणही धरून चालतो. धोक्याचा कंदीलसुद्धा लालच की.

सूर्य यवतेश्वराच्या मागे गेला तेव्हा चारही दिसत होते. मग उजेड निळसर झाला. सगळ्यात आधी लाल मफलर गेला. गेला म्हणजे तिथेच होता, पण काळा झाला. दगड कुठला आणि मफलर कुठला, सांगता येईना. अंधुक उजेडात डोळ्याचं काम ज्या पेशी हातात घेतात त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. आणि युरोपीय वंशाच्या शंभर पुरुषांत सुमारे आठ जणांना तर लाल-हिरव्यातला फरक भर दुपारीही नीट कळत नाही. मग एक नंबरचा विटकरी नारिंगी गवतात विरला. माझा आवडता शर्ट तो. मऊ, शुद्ध, हातात धरला की सोडवत नव्हता. वाईट वाटलं. दोन आणि तीन नंबर मात्र आतून दिवा लावल्यासारखे पेटलेले होते. झगझगीत रंगाची करामत अशी, की तो डोळ्याला न दिसणारी अतिनील किरणं आणि निळसर उजेड गिळतो आणि नारिंगी करून परत फेकतो. तिन्हीसांजेला निळा उजेडच उरलेला असतो, म्हणून नेमका तेव्हा तो जास्त उठतो.

भाचा वरून ओरडला, "दिसतंय का गं?" मला त्याला उत्तर देता येईना. माझ्यासमोर काळा झालेला मफलर होता आणि डोक्यात दादा होते.

दादा म्हणजे माझे वडील. मार्गशीर्षातली पहाट, साडेपाचची वेळ. ते नेहमीसारखे दुधाची किटली घेऊन डांबरी रस्त्याच्या कडेने निघाले होते. अंगावर काळी घोंगडी, डोक्यावरून खोळ केलेली. थंडी त्यांना शिवत नव्हती. मागून एक मुलगा मोटारसायकलवरून आला. दिवा मिणमिणता. दादांचा खुबा मोडला. तो मुलगा पळून गेला नाही, हे मी आवर्जून सांगते. तोच त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात घेऊन आला, आणि मी पोचले तेव्हा बाकड्यावर बसून रडत होता. "ताई, दिसलेच नाहीत हो आजोबा. शपथ, दिसलेच नाहीत." दादांनी त्याच्यावर तक्रार केली नाही. ते म्हणाले, काळ्या घोंगडीत काळ्या पहाटे मी चाललो, त्याला कसा दिसणार?

पुढे सहा वर्षं ते काठी घेऊन चालले. मी त्यांच्या घोंगडीच्या खोळीवर, पाठीमागे, ऊसगाड्यांना लावतात ती रेडियमची पट्टी शिवून दिली. घोंगडीवर सुई चालवणं सोपं नाही. खळीने सूत ताठ असतं, दाभण घ्यावा लागतो. आईला ती पट्टी आवडली नाही, घोंगडीवर देवाच्या भंडाऱ्याशिवाय काही नसावं असं तिचं म्हणणं. दादा मात्र निघताना खोळ फिरवून पट्टी मागे आली की नाही, ते हाताने चाचपून बघायचे.

भाच्याला त्याचे आजोबा काठीसकटच आठवतात. त्याला ही हकिगत मी त्या संध्याकाळी पायऱ्यांवर बसून पहिल्यांदा सांगितली. ऊब आपली आपल्याला कळते. आपण दिसतो की नाही, ते समोरच्यालाच कळतं, आणि त्या वेळी विचारायची सोय नसते.

आम्ही दोन नंबर ठरवला. शुद्ध लोकरीवर खरा झगझगीत रंग बसत नाही. लोकर मुळातच पिवळसर, आणि तसले रंग तिच्यावर उन्हात फार लवकर विटतात. पॉलिस्टर तो रंग चांगला धरतं. म्हणून थोडं पॉलिस्टर पत्करलं. शिवाय मी त्याला जाळीची बिनबाह्यांची पातळ नारिंगी बंडी घ्यायला सांगितली. जो कपडा सगळ्यात वर असेल, त्याच्यावर ती चढवायची. जॅकेट निघालं की बंडी पुन्हा शर्टावर. तिथला नियमही त्याने पाळला जातो.

बाकी मापाचं सांगायचं तर शर्ट अंगाबरोबर बसणारा हवा. ढगळ असला की घाम तंतूपर्यंत पोचतच नाही. चालणं जास्त असेल तर दर चौरस मीटरला १५० ग्रॅमचा पुरतो, बसणं जास्त असेल तर २५० चा. गळ्याला चेन असली तर चढावर उघडता येते. पाठ लांब हवी, वाकल्यावर कंबर उघडी पडू नये. आणि आत सुती बनियन घालायचं नाही म्हणजे नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री त्याला शंका आली. "मावशी, एवढं भडक घातल्यावर हरणाला नाही दिसणार?" मी त्याला विचारलं, वाघ कुठल्या रंगाचा असतो? हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्या तीन. नारिंगी आणि हिरवं त्याला जवळपास एकसारखंच दिसतं. म्हणून तर असा पिवळाधमक वाघ सांबराला गवतात सापडत नाही. जो रंग वाघाला सांबरापासून लपवतो, तोच रंग माणसाला माणसापासून वाचवतो. पण निळा आणि अतिनील उजेड हरणाला आपल्यापेक्षा चांगला दिसतो. कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या धुण्याच्या पावडरीत जी चकाकी आणणारी द्रव्यं असतात, ती अतिनील किरणं गिळून नेमका तसलाच निळा उजेड फेकतात. तेव्हा तो शर्ट पावडरीने धुवायचा नाही.

"मग कशाने धुवू?"

मी कपाटातून रिठ्याची पुरचुंडी काढली. माझी आई लोकरी कपडे रिठ्यानेच धुवायची, मीही तेच करते. चार-पाच रिठे फोडायचे, बिया टाकायच्या, टरफलं रात्रभर कोमट पाण्यात भिजवायची. सकाळी कुस्करून गाळलं की फेस येतो. त्यात थंड पाणी घालून शर्ट बुडवायचा, चोळायचा नाही, पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा. सावलीत आडवा वाळवायचा, उन्हात रंग विटतो. वास म्हणशील तर रिठ्याचा फारसा उरत नाही, आणि लोकर घामाचा वासही सहसा धरून ठेवत नाही. हरणाचं नाक तिखट असतं, तेव्हा तेही सोयीचंच. अर्धा किलो रिठे त्याने बॅगेत कोंबले.

एक नंबर त्याने परत केला नाही, माझ्यासाठी ठेवला. मी तो सध्या पहाटेच्या कामाला घालते, घरात कुणाला दिसायचं नसतं. तीन नंबर, तो लख्ख पॉलिस्टरचा, कपाटात पडून होता. परवा कराडहून पुतण्या आला. आमच्या उसाला पाणी द्यायची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. बिबट्याची भीती आहेच, पण त्याहून जास्त भीती रस्त्याची. हंगाम सुरू झालाय, रात्रभर उसाच्या ट्रॉल्या पळतात, आणि हा काळ्या जर्किनमध्ये रस्ता ओलांडून मोटर चालू करायला जातो. मी त्याला तो शर्ट जर्किनवरून घालायला दिला. पण झगझगीत रंगाला उजेड लागतो. मध्यरात्री गिळायला उजेडच नसेल तर तो परत काय फेकणार? अंधारात गाडीच्या दिव्यासमोर चमकते ती रेडियमचीच पट्टी. म्हणून राजवाड्याजवळून दोन मीटर पट्टी आणली आणि मशीन उघडून बसले. छातीवर आडवी शिवावी म्हणून खडूने रेघ मारली.

तो चहा पीत शेजारी बसला होता. म्हणाला, "काकू, पुढं नको. पुढनं येणाऱ्याला माझी बॅटरी दिसती. मागनं येणाऱ्याला कायच दिसत नाय."

मी रेघ पुसली, शर्ट उलटा केला आणि पट्टी पाठीवर घेतली. दोन्ही कडांना दुहेरी टीप मारली.